आत्याचा अकरावा महिना

दुसरा महिना, ३ तारीख, १७७८

जेसला नेलं! काल दुपारी, लँकेस्टरच्या रस्त्यावर. खांद्याला नेहमीची हत्यारांची पिशवी होती, आणि पिशवीत त्याच्या डॉर्कस आत्याचं पत्र. ते मी पाहिलंही नव्हतं. परवा-तेरवाच इंग्रजांच्या ताब्यातल्या शहरातून कुणा लोणीवालीच्या हाती आलं असावं, नाहीतर मला दाखवलंच असतं.

आज सकाळी काँग्रेसच्या सैन्याच्या छावणीतून एक सार्जंट निरोप घेऊन आला. घोड्यावरून उतरलासुद्धा नाही.

"तुमच्या नवऱ्यावर हेरगिरीचा आरोप आहे, बाई."

"तुझं काहीतरी चुकतंय," मी म्हटलं. "घड्याळं दुरुस्त करतो तो."

तर गडी 'तुझं'वरच अडला! कान लाल झाले. "तुम्ही क्वेकर लोक आमच्या सेनापतींनाही असंच अरेतुरे करता म्हणे?"

"आम्ही देवालाही तूच म्हणतो. तू कुठला मोठा लागून गेलास?"

बोलून गेले. माझं नाव टेसी, म्हणजे 'गप्प राहा'. आईबापांनी मोठ्या आशेनं ठेवलं होतं.

मग त्यानं पत्रातला मजकूर घडाघडा म्हणून दाखवला. छावणीत सगळ्यांना पाठ झालेला दिसतो. "अकराव्या महिन्याची पंधरा तारीख, १७७७. काल तू येऊन गेलास तेव्हापासून घड्याळ बरोबर चालतंय. माझ्या घरात उतरलेले कप्तान म्हणतात, इतकं चोख काम करणारा माणूस त्यांना दुसरा भेटला नाही."

आणि सोळाच्या पहाटे नाक्यावरची चौकी कापली गेली. लाल डगलेवाल्या इंग्रजांना आडवाट कुणीतरी दाखवली होती. अकरा माणसं मेली. त्यात पलीकडच्या मळ्यावरचा डंकन गिलख्रिस्ट.

सार्जंट म्हणाला, "याला फाशी आहे, बाई. तयारीत राहा."

दुसरा महिना, ४

पुढल्या खोलीतलं मोठं घड्याळ थांबलं. आठ दिवसांची चावी जेस देतो. मला देता येत नाही असं नाही. हात धजत नाही.

दुसरा महिना, ६

चार तास चालून छावणीत पोचले. चिखल, धूर, आणि अनवाणी सैनिक. एकाच्या पायाला घोंगडीची चिंधी बांधलेली, तिच्यातून रक्त. ही माणसं आमच्या जिवावर उठलीत, आणि मला मात्र त्याला मोजे द्यावेसे वाटले. दिलेही. जेससाठी नेलेले होते.

जेस एका लाकडी खोपटात, गवतावर. दाढी वाढलेली. मी आणलेली मक्याची लापशी त्यानं निम्मी पहारेकऱ्याला दिली.

"चौदा तारखेला कुठे होतास? अकराव्या महिन्याच्या?"

त्यानं लापशीचं भांडं खाली ठेवलं. "तुझ्या वहीत काय आहे?"

"बघावं लागेल."

"मग बघ. असेल तसंच."

एवढंच बोलला. आमच्या सभेत तासन् तास गप्प बसायची सवय असलेला माणूस, त्याला फाशीच्या सावलीतही शब्द जड. राग आला मला. येताना रडले.

दुसरा महिना, ७

वही चाळली. अकरावा महिना, १४ — "जेस पेनॉकांकडे, घड्याळ दुरुस्तीला. दोन-तीन दिवस लागतील म्हणाला." १७ — "जेस परत. दमलेला. जेवला नाही." २० — "पहिला बर्फ. फीबी अंगणात नाचली, पोर अजिबात ऐकत नाही."

पेनॉकांनी तर शरदातच गाशा गुंडाळला आणि दक्षिणेला गेले. साक्ष कोण देणार? ते गेले तो नेमका दिवस मला आठवत नाही. चौदा तारखेआधी की नंतर?

दुसरा महिना, ८. पहिला वार

सभेत बसले होते. कुणीही बोललं नाही, दोन तास शांतता. समोर सभेतली वडीलधारी कीझाया, पांढरी टोपी, डोळे मिटलेले. आणि मला प्रार्थना सोडून आत्याची वाक्यं ऐकू येत होती. अकराव्या महिन्याची पंधरा. अकराव्या महिन्याची पंधरा.

आणि एकदम उठून बसल्यासारखं झालं. आत्याचा अकरावा महिना!

अगं बाई, आत्याचा अकरावा म्हणजे आपला पहिला! साऱ्या घराला ठाऊक आहे. लहानपणी वर्ष वसंतात सुरू व्हायचं, तेव्हापासून आत्या तसंच मोजते. पंचांग बदलून सव्वीस वर्षं झाली, पण म्हातारी हटत नाही. जेसचे वडील चिडवायचे, "डॉर्कस, तुझ्या घरी दोन महिने उशिरा उजाडतं." आणि पहिल्या महिन्यात जेस शहरात गेलाच होता! आत्या आजारी म्हणून. छावणीतूनच परवाना घेऊन, १२ ते १६. तो परवाना अजून खुंटीवरच्या डगल्यात आहे!

सभा मोडल्या मोडल्या धावतच घरी आले. कीझायानं हाक मारली तरी थांबले नाही. पेटी उपसली. फीबी जन्मली तेव्हाचं आत्याचं पत्र सापडलं. फीबी पाचव्या महिन्यातली, आणि पत्रावर स्वच्छ अक्षरात — तिसरा महिना.

देवा, तुझे उपकार.

दुसरा महिना, १०

लष्करी कोर्ट. एका शेतकऱ्याच्या दिवाणखान्यात, टेबलामागे सात अधिकारी. मधला कर्नल सर्दीनं बेजार. जेस भिंतीशी उभा. टोपी काढायला सांगितली, काढली नाही. आम्ही कुणापुढे काढत नाही. शेवटी शिपायानं हिसकून काढली.

मी सगळं समजावून सांगितलं. महिन्यांना आणि वारांना आम्ही नावं देत नाही, कारण ती जुन्या देवांची आणि राजांची. म्हणून आकडे. पूर्वी मार्च पहिला होता. विलायतेच्या सरकारनं पंचांग बदललं, जानेवारी पहिला केला. आत्यानं ते मानलं नाही. तिचं वर्षसुद्धा मार्चात बदलतं, म्हणून जानेवारीतही ती १७७७च लिहिते. मार्च, जानेवारी — ही नावं तोंडाला कशीतरीच लागली.

एक तरुण अधिकारी म्हणाला, "म्हणजे या बाईनं राजाचा कायदा आपल्याही आधी झुगारला!" सगळे हसले. कर्नलसुद्धा. फीबीच्या जन्माचं पत्र हातोहात फिरलं, परवाना फिरला. मला वाटलं, सुटलो.

मग कर्नलनं बायबल पुढे सरकवलं. "हे सगळं शपथेवर सांगा."

"मी सांगितलं ते खरं आहे. हो म्हणजे हो."

"तसं चालत नाही, बाई. दिवाणी कचेरीत तुमच्यासाठी सवलत असेल. लष्करी कोर्टात साक्ष शपथेवरच. हात ठेवा, नाहीतर हे सगळं मी ऐकलंच नाही."

मी नाही म्हटलं. शपथ घ्यायची म्हणजे एरवी आपण खोटं बोलतो हे कबूल करणं. हे मी पाच वर्षांची असल्यापासून ऐकत आले आणि नऊ वर्षं फीबीला सांगत आले. माझ्या आजोबांनी यापायी विलायतेत तीन वर्षं तुरुंग सोसला.

कर्नल वाईट माणूस नाही. नाक पुसलं, म्हणाला, "परवापर्यंत विचार करा. परवा मी निकाल लिहिणार."

दुसरा महिना, ११

कीझाया येऊन गेली. वाट बघत होते, तिनं काहीतरी मार्ग काढावा. तिनं माझा हात हातात घेतला आणि बसून राहिली. जाताना म्हणाली, "टेसी, तुझ्या आजोबांनाही बायको होती."

याचा अर्थ काय लावायचा? हातभर लांब उपदेश परवडला असता.

जेसला भेटायला दिलं, पाव तास. मी म्हटलं, उद्या मी हात ठेवणार आहे.

त्याचा चेहरा असा झाला की मी घाबरले. "नको. टेसी, ऐक. शपथ घेऊ नकोस."

"तुला लटकवतील रे!"

"लटकवू देत. तू घेऊ नकोस. मी सांगतो म्हणून घेऊ नकोस." आणि माझं मनगट इतकं घट्ट धरलं की अजून लाल आहे.

केवढा भला माणूस. स्वतःच्या जिवापेक्षा माझ्या श्रद्धेची काळजी. गेल्या शरदात काँग्रेसचे लोक आले, त्याच्या घड्याळांची शिशाची वजनं गोळ्यांसाठी काढून नेली. बारा घड्याळं नुसती लटकत राहिली. एक अक्षर बोलला नाही. तीन दिवस बोलला नाही. मग वाळूच्या पिशव्या शिवल्या आणि त्या लावल्या. असा माणूस मी मरू देऊ?

दुसरा महिना, १२

ठेवला हात.

दुसरा महिना, १३

जेस सुटला! आरोप सिद्ध नाही. कर्नल म्हणाला, "तुमच्या आत्याला माझा नमस्कार सांगा आणि नवं पंचांग पाठवा."

वाटेत ओढ्यापाशी मी घसरले, जेसनं सावरलं, आणि हात सोडलाच नाही घरापर्यंत.

फीबी दारातच. बापाला मिठी मारून झाल्यावर माझ्याकडे वळली. "आई, कुठला हात ठेवलास?"

"उजवा."

ती त्या हाताकडे बघत राहिली. मी पीठ मळायला घेतलं.

दुसरा महिना, १५. पहिला वार

सभेला गेलो. कुणी काही म्हटलं नाही. पण बाकावर माझ्या शेजारी नेहमी दोघी बसतात, आज जागा मोकळी होती.

जेस सभेहून आला तो थेट घड्याळांकडे. सगळ्यांना चावी दिली, वेळा लावल्या. घर पुन्हा टिकटिकायला लागलं. मला वाटलं होतं, तो आवाज ऐकून बरं वाटेल. वाटलं.

दुसरा महिना, २०

मार्गारेट गिलख्रिस्ट आली, डंकनची विधवा. डंकन गेल्यापासून तिनं आमच्या कुंपणाकडे बघितलं नव्हतं. मागे विहिरीवर भेटली तेव्हा माझ्या समोर थुंकली होती. आज हातात सफरचंदाच्या मुरंब्याचं मडकं. मला वाटलं डोक्यात घालते की काय!

आत आली, मडकं टेबलावर आदळलं. "हे घे. आणि मला बोलू दे. मध्ये तोंड घालू नकोस, तुला सवय आहे."

मी बाक पुढे सरकवला.

"माझ्या मनात जेसच होता. रोज सकाळी उठलं की पहिला तोच. फाशी झाली असती तर मी नवा झगा घालून गेले असते बघायला. खरं सांगते." तिनं नाक ओढलं. "मग कळलं, तू पुस्तकावर हात ठेवलास. अगं, तुम्ही लोक मराल पण हात ठेवणार नाही! आमचे धर्मगुरू दर रविवारी तुम्हाला शिव्या घालतात त्यावरून. तेव्हा मी म्हटलं, टेसीनं हात ठेवला ना, मग संपलं. जेस नव्हता. दुसरा कुणीतरी होता. मी दुसऱ्याला शोधीन."

दोघीही रडलो. जेस कामाच्या खोलीत होता. बाहेर आला नाही.

जाताना तिनं खिशातून डंकनचं घड्याळ काढलं. चौकीवर पडला तेव्हा अंगावर होतं, तेव्हापासून बंद. "होईल का दुरुस्त? त्याला विचार."

मी आत नेऊन दिलं. जेसनं ते हातात घेतलं आणि उलटसुलट न करता, न उघडता, तसंच बाकावर ठेवलं. "होईल," म्हणाला.

दुसरा महिना, २४

कीझाया आणि आणखी एक वृद्ध बाई. सभेनं पाठवलेल्या. नियम आहे, आधी समजूत घालायची. मी चूक झाली असं लिहून दिलं, पश्चात्ताप झाला म्हटलं, तर प्रकरण मिटतं.

"पश्चात्ताप झाला का तुला?" कीझायानं विचारलं.

आता काय सांगू? झाला म्हटलं असतं तर खोटं. जेस भिंतीपलीकडे खोकत होता, जिवंत. मी म्हटलं, "नाही झाला, कीझाया. पुन्हा वेळ आली तर पुन्हा ठेवीन."

तिनं मान डोलावली. मला वाटतं, तिला हेच ऐकायचं होतं, आणि हेच नको होतं.

तिसरा महिना, १. पहिला वार

सभेत माझ्यावरचा कागद वाचला गेला. कीझायाच वाचत होती. "टेसी हिनं शपथ घेऊन आपण सांभाळत आलेल्या सत्याच्या साक्षीला बट्टा लावला. तिला चुकीची जाणीव होईपर्यंत आम्ही तिला आमच्यातली मानत नाही." मध्ये एकदा थांबून पाणी प्याली, पुढे वाचलं.

येऊन बसायला बंदी नाही. पण कामकाजात जागा नाही. फीबीचं लग्न होईल तेव्हा सगळी सभा लग्नाच्या कागदावर सह्या करील, आपल्यातली म्हणून माझी सही त्यात धरणार नाहीत. एवढं एकच मनाला लागलं. बाकी मी दगडासारखी होते.

घरी येताना जेस म्हणाला, "हे माझ्यामुळे."

"हो," मी म्हटलं. "मग काय झालं? खऱ्यासाठी झालं."

तो रस्त्यात थांबला. काहीतरी बोलणार असं वाटलं. फीबी पुढून हाका मारत होती, मग चालायला लागला.

तिसरा महिना, ४

जेस डंकनच्या घड्याळाला हात लावत नाही. सांगते तेव्हा "करतो" म्हणतो. इतकं साधं काम! सुटल्यापासून जेवणही तुटलंय. तुरुंगाची हवा असते ती अशीच आत राहते म्हणे. मार्गारेटला नऊ तारखेला संध्याकाळी ये म्हणून सांगून ठेवलंय. म्हणजे तरी करील.

तिसरा महिना, ८. पहिला वार

शेवटच्या बाकावर बसले. दाराजवळ, वारा लागतो. मला आज प्रथमच शांतता मानवली. माझ्याकडून कुणाला काही अपेक्षा नाही. मी खरं बोलले, एवढं माझं मला पुरे.

तिसरा महिना, ९

लोणीवाली पत्र देऊन गेली. डॉर्कस आत्याचं, जेसच्या नावे. तो कामाच्या खोलीत होता. मी फोडलं. मला वाटलं, कर्नलचा नमस्कार वाचून म्हातारी हसली असेल.

"तिसऱ्या महिन्याची दोन तारीख, १७७८. जेस, तू पहिला बर्फ पडायच्या आत आला होतास ना, तेव्हा लिहून दिलेला महिन्यांचा कागद अजून भिंतीवर आहे. त्या दिवसापासून मी तुमच्यासारखीच मोजते. आता माझी एकही तारीख चुकत नाही."

पहिला बर्फ अकराव्या महिन्याच्या वीस तारखेला पडला. या वहीत आहे. माझ्याच हातचं. म्हणजे आत्याची ती पंधरा तारीख आपल्याच अकराव्या महिन्याची.

आतून बारीक हातोडीचा आवाज येतोय. डंकनचं घड्याळ शेवटी उघडलंय त्यानं. संध्याकाळी मार्गारेट ते न्यायला येईल. दारातच विचारेल, काय गं, चेहरा असा का? आणि मला खोटं बोलता येत नाही.